मंडई, गाळा आणि आठवडे बाजार

पुणे शहराने आपली भाजी विकत घेण्याची जागा गेल्या दीडशे वर्षांत अनेकदा बदलली. एके काळी शनिवारवाड्यासमोरच्या उघड्या पटांगणात भाजीबाजार भरत असे. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात धूळ आणि विकणाऱ्याच्या डोक्यावर आभाळ, अशी त्याची अवस्था होती. पुढे शुक्रवार पेठेत अष्टकोनी, मनोऱ्याची भव्य दगडी इमारत उभी राहिली आणि १८८६ मध्ये मुंबई इलाख्याचे तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने ती 'रे मार्केट' म्हणून सुरू झाली. नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुले यांनी या बांधकामावरील खर्चास विरोध केला होता. गरिबांच्या मुलांच्या शिक्षणाची आबाळ होत असताना भाजीबाजारासाठी एवढा पैसा ओतणे त्यांना मान्य नव्हते. कालांतराने त्याच इमारतीस महात्मा फुले मंडई हे नाव मिळाले. इतिहास अशी गंमत अधूनमधून करीत असतो.

शहर वाढले तशी मंडईची जागा घाऊक व्यवहारास अपुरी पडू लागली आणि ठोक बाजार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला. मंडईत निदान आजूबाजूच्या गावांतील माळणी पाटी घेऊन बसत व गिऱ्हाईक त्यांच्याशी हुज्जत घालीत असे. गुलटेकडीत पिकविणारा आणि खाणारा यांची गाठ पडण्याचे कारणच उरले नाही. माल पहाटे येतो, गाळ्यावर उतरतो, सौदा होतो, टेम्पोत चढतो आणि उजाडेपर्यंत उपनगरांत पोहोचतोही. गृहिणी उठून दार उघडते तेव्हा तिच्या भाजीचे तीन वेळा मालक बदललेले असतात.

आता गेली दहा-अकरा वर्षे याच शहरात एक नवा बाजार रुजला आहे. उड्डाणपुलाखालच्या रिकाम्या जागेत, गृहसंस्थांच्या बाजूच्या मैदानात, महापालिकेच्या मोकळ्या भूखंडावर आठवड्यातून एक दिवस मांडव पडतो, वजनकाटे लागतात आणि शेतकरी स्वतःचा माल स्वतः विकतो. शेतकरी आठवडे बाजार हे त्याचे रूढ झालेले नाव. समाजातील कितीतरी कुटुंबांचा उदरनिर्वाह तीन-तीन पिढ्या अडत, दलाली आणि किराणा-भुसार यांवर चालत आला आहे. त्यांच्या दृष्टीने हा बाजार म्हणजे केवळ ताज्या भाजीची सोय नव्हे, आणि म्हणूनच त्याची वाटचाल जरा बारकाईने पाहण्याजोगी आहे.

या वाटचालीची मुळे बरीच मागे जातात. नियंत्रित बाजाराची देशातील सुरुवात वऱ्हाडातील कारंजा येथे झाली, तीही योगायोगाने १८८६ मध्येच. तो बाजार कापसाचा होता, आणि त्यामागे इंग्लंडच्या गिरण्यांना चांगला कापूस वाजवी दराने मिळावा हा हेतू होता. शेतकऱ्याचे हित हे त्या हेतूचे उपफळ म्हणावे लागेल. १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. १९२८ च्या शाही कृषी आयोगाने असे बाजार सर्वत्र असावेत अशी शिफारस केली, १९३९ मध्ये मुंबई प्रांताने शेतमाल बाजार कायदा केला आणि महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६३ चा खरेदी-विक्री नियमन कायदा आला. आजच्या कृषी उत्पन्न बाजार समित्या या कायद्याची अपत्ये होत. खोटी वजने, मनमानी कडता, रुमालाखाली बोटे दाबून होणारे सौदे यांतून शेतकऱ्याची सुटका व्हावी, हा त्यामागचा उद्देश होता, आणि तो बऱ्याच अंशी साधलाही. परंतु शेतकऱ्याने माल समितीच्या आवारातच आणावा हे बंधनही त्यासोबत आले, आणि आवारात विक्री म्हणजे अडत्यामार्फत विक्री असे समीकरण होऊन बसले.

आणखी एक जुनी आठवण या संदर्भात टाळता येत नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरादुकानांवर चाल केली, वह्या व कर्जरोखे हिसकावून जाळले आणि हे लोण पुणे-नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. ते सावकार मुख्यतः मारवाडी आणि गुजराती होते. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात त्याची नोंद आहे. त्यातूनच १८७९ चा शेतकरी साहाय्याचा कायदा झाला. सारा, दुष्काळ, कापसाच्या भावाची चढ-उतार अशी अनेक कारणे त्यामागे होती आणि सर्व दोष सावकाराच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. तरीही जमावाने माणसांपेक्षा कागदांवर राग काढला, ही गोष्ट वही बाळगणाऱ्या प्रत्येक घराने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

अडत्या नेमके काय करतो, हे बाहेरच्या माणसाला क्वचितच ठाऊक असते. वर्तमानपत्री चर्चेत तो 'मध्यस्थ' या एका शब्दात संपतो. प्रत्यक्षात गाळ्यावरचा दिवस रात्री दोनला सुरू होतो. कोणत्या गावाची गाडी किती वाजता येईल, कोणाचा माल भिजलेला असेल, कोणता खरेदीदार आज उधारी मागेल आणि त्यातला कोण बुडवील, याचे गणित डोक्यात ठेवावे लागते. नाशवंत मालाला थांबता येत नाही. कोथिंबीर सकाळी सातला सोने असते आणि दहाला कचरा. खरेदीदार पैसे आठवड्याने देवो वा महिन्याने, शेतकऱ्याला पट्टी त्याच दिवशी द्यावी लागते. बुडीत उधारीची जोखीम अडत्याच्या अंगावर राहते. या सर्व कामाबद्दल भाजीपाल्यावर साधारणतः सहा ते आठ टक्के अडत घेण्याची रीत होती.

ही पट्टी एकदा मांडून पाहावी. समजा, नारायणगावाकडून वीस किलोंचे १०० क्रेट टोमॅटो आले आणि किलोला दहा रुपये भाव मिळाला. एकूण रक्कम वीस हजार झाली. सात टक्के अडत म्हणजे चौदाशे रुपये. हमाली, तोलाई, वाराई मिळून समजा पाचशे. क्रेटमागे पंचवीस रुपये धरले तर गाडीभाडे अडीच हजार. शेतकऱ्याच्या हाती पंधरा हजार सहाशे उरले, आणि त्यातून तोडणीची मजुरी, औषधे, रोपे, बांबू-सुतळी हे सगळे जायचे आहे. हाच टोमॅटो उपनगरात किलोला तीस रुपयांनी विकला गेला तर गिऱ्हाइकाने साठ हजार मोजले. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत, पण ते वास्तवापासून फार दूर नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ च्या एका अभ्यासात ग्राहकाच्या रुपयातील शेतकऱ्याचा वाटा टोमॅटोत सुमारे ३३, कांद्यात ३६ आणि बटाट्यात ३७ टक्के असल्याचे दिसून आले. वरच्या उदाहरणात अडत्याचे चौदाशे आणि मधली एकूण तफावत चव्वेचाळीस हजारांवर, हे प्रमाण पाहिले म्हणजे सगळा दोष गाळ्याचा नाही हे कळते. वाहतूक, नासाडी, किरकोळ विक्रेत्याचे गाळेभाडे आणि त्याचा दिवसभराचा वेळ हेही त्यात आहेत.

अडतीचे खरे बळ टक्केवारीत नव्हतेच. ते उचलीत होते. शेतकऱ्यास बँकेतून कर्ज हवे असेल तर सातबारा, आठ-अ, इतर संस्थांचे बेबाकी दाखले, जामीनदार आणि निदान चार फेऱ्या लागत. पाऊस मात्र त्या चार फेऱ्यांसाठी थांबत नसे. अडत्याकडे रात्री निरोप गेला तर सकाळच्या गाडीबरोबर पैसे गावी पोहोचत. रोपांना, खताला, बैल मेला तर बैलाला, मुलीच्या लग्नाला. कागद नाही, अंगठा नाही, वहीत एक ओळ. बँकांच्या शाखांना जी पत तपासायला महिने लागत ती या माणसाला तोंडपाठ असे: कोणाच्या विहिरीला मार्चनंतर पाणी राहते, कोणाचा मुलगा शेतीत लक्ष घालतो, कोण दारूला लागला. पतपुरवठ्याची याहून जलद व्यवस्था ग्रामीण महाराष्ट्राने पाहिली नाही, हे कोणत्याही बँकवाल्याने मोकळेपणाने मान्य करावे.

मात्र उचल घेतलेला शेतकरी आपला माल दुसऱ्या गाळ्यावर नेऊ शकत नसे. नेलाच तर ते बेइमानी ठरे. पुष्कळ पेढ्यांच्या वहीत उचलीवर व्याज लिहिलेले नसे, आणि त्याचा अभिमानही बाळगला जाई. पण ज्याला दुसरे दार नाही त्याच्या मालाचा सौदा किती ताणून करायचा, हे शेवटी अडत्याच्या मर्जीवर होते. व्याज वहीत नव्हते, ते भावात होते. हे बोलणे काही घरांना कडू लागेल. तथापि ज्यांनी गाळ्यावर हयात घालविली ते वृद्ध खासगीत हेच सांगतात.

आठवडे बाजार आला तो या पार्श्वभूमीवर. पुण्यात २०१४ च्या सुमारास कोथरूड भागात त्याची सुरुवात झाली. शेतकऱ्यांचे गट व उत्पादक कंपन्या पुढे आल्या आणि महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाने त्यांना हात दिला. या मंडळाचे मुख्य कार्यालय गुलटेकडीच्या मार्केट यार्डातच आहे, म्हणजे गाळ्याला वळसा घालणारी वाट गाळ्यांच्या शेजारीच आखली गेली. जुलै २०१६ मध्ये राज्याने फळे व भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा केला आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरविले. व्यापाऱ्यांनी काही दिवस व्यवहार बंद ठेवले; पण निर्णय टिकला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईत विधान भवनाच्या आवारात असा बाजार भरला आणि संत सावता माळी यांच्या नावाने अभियान जाहीर झाले. माढा तालुक्यातील अरणच्या मळ्यात भाजी पिकवता पिकवता विठ्ठल पाहणाऱ्या या संताचे नाव बाजाराला देण्यात औचित्य होते, यात शंका नाही.

सुरुवातीचे आठवडे कठीण गेले. शेतकऱ्याला माल पिकविता येत होता, पण विकण्याची कला निराळी. तो गोणी घेऊन येई आणि गिऱ्हाईक पाव किलो मागे. मोड नसे. भाव विचारला की काही जण संकोचून गाळ्यावरचाच भाव सांगत, काही जण एकदम दुप्पट. मातीसकट मुळे आणि पिवळी पाने तशीच असलेली मेथी पाहून ताई पुढे सरकत. कोपऱ्यावरचा जुना भाजीवाला जे वर्षानुवर्षे विनासायास करीत होता, म्हणजे पाणी मारून टवटवी टिकविणे, चार मिरच्या वरून टाकणे, 'मागच्या खेपेची काकडी कशी निघाली?' असे विचारणे, ते सगळे या माणसांना शिकावे लागले. दोन-तीन वर्षांत ते शिकलेही. जुड्या लहान झाल्या, प्रतवारी आली, अंगात एकसारखे ॲप्रन आले, इलेक्ट्रॉनिक काटे गिऱ्हाइकाकडे तोंड करून लागले. नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीने चिल्लरचा प्रश्न असा काही पेटला की जे शेतकरी बँकेच्या दारात पाऊल ठेवायला कचरत ते पुढे क्यूआर कोडचा पुठ्ठा काट्याला बांधून बसू लागले. मळ्यातली माणसे विक्रीची जमा रात्री मोबाईलवर मोजू लागली. गाळ्यावर पट्टी हातात पडायची ती दुसऱ्याने केलेल्या हिशेबाची. हा हिशेब त्यांचा स्वतःचा होता. बायका विक्रीला बसू लागल्या हा त्यातला सर्वांत दूरगामी बदल म्हणावा लागेल, कारण पट्टी घरात पुरुषाच्या खिशातून येत असे आणि ही रक्कम पदराच्या गाठीतून येऊ लागली.

गिऱ्हाईकही बदलले. शहरातील जैन वस्त्यांजवळ बसणाऱ्या शेतकऱ्यांनी आपल्या पंचांगात तिथी लिहून ठेवायला सुरुवात केली. अष्टमी-चतुर्दशीला पालेभाजी कमी आणायची, पर्युषणात तर त्या बाजूला हिरवा माल न्यायचाच नाही, कंदमुळांचा ढीग मांडवाच्या दुसऱ्या टोकाला लावायचा, हे त्यांना कोणी शिकविले नाही; दोन वेळा माल परत न्यावा लागला आणि ते समजले. कांदा-बटाट्याची अडत करणाऱ्या कित्येक घरांत कांदा-बटाटा शिजत नाही, हे तर जुनेच कोडे आहे.

अशाच एका अडत्याच्या घरातील प्रसंग. घराची धाकटी सून सोसायटीतल्या मैत्रिणींबरोबर आठवडे बाजारात गेली. मेथीची गड्डी हातात देताना विक्रेत्याने तिला निरखून पाहिले आणि म्हणाला, "वहिनी, तुम्ही शेठच्या घरच्या ना? लग्नात पाहिलं होतं. शेठना सांगा, मेथी आपल्याच मळ्यातली आहे." पैसे घ्यायला तो तयार नव्हता, तिने ते ठेवलेच. रात्री तिने हे सासऱ्यांना सांगितले. बाबूजी जेवण आटोपून हिशेब पाहत बसले होते. त्यांनी एवढेच विचारले, "काय भावानं दिली?"

"पंधराला गड्डी."

त्या दिवशी पहाटे त्यांच्याच गाळ्यावर मेथी सात रुपयांनी गेली होती. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "चांगलं झालं त्याचं. त्याच्या वडिलांपासून माल आपल्याकडे होता." आणि वही मिटताना, "बेचाळीस हजार उचल बाकी आहे त्याच्याकडे."

तगादा त्यांनी लावला नाही. दिवाळीत वहीपूजनाच्या दिवशी तो शेतकरी स्वतःच पेढीवर आला. सोबत पंचवीस हजार रुपये आणि पिशवीभर घेवडा. पैसे मोजून दिल्यावर म्हणाला, "शेठ, माल बंद केला म्हणून राग नसावा."

"राग कसला? ज्याला जिथं चार पैसे मिळतील तिथं त्यानं जावं. पण पुढच्या पावसाळ्यात रोपांना पैसे कुठून उचलशील?"

"गटातून."

"गट देतो?"

"दहा हजारांपर्यंत देतो."

"आणि पोरीच्या लग्नाला?"

शेतकरी हसला. उत्तर त्याने दिले नाही, आणि शेठनीही पुन्हा विचारले नाही. उरलेल्या सतरा हजारांची ओळ नव्या वहीत ओढली गेली.

हा प्रश्न एकट्या त्या शेतकऱ्याचा नाही. थेट विक्रीने भाव वाढवून दिला, रोख दिली, मान दिला. अडीअडचणीचा पैसा मात्र दिला नाही. किसान क्रेडिट कार्ड मुख्यतः पिकासाठी आहे, लग्न-आजारपणाच्या मोठ्या खर्चासाठी नाही. उत्पादक कंपन्यांचे भागभांडवल तुटपुंजे असते आणि तारण द्यायला त्यांच्याकडे थोडेच असते, म्हणून बँकाही त्यांना हात आखडता घेऊनच कर्ज देतात. गाळा सुटला पण गाळ्याने भरलेली जागा रिकामीच राहिली, तर ती भरायला खेड्यात कोण येईल हे सांगायला नको. पाच-दहा टक्के महिन्याचे व्याज घेणारे खासगी फायनान्सवाले त्या जागेवर नजर ठेवूनच असतात. आठवडे बाजाराचा उत्साहाने पुरस्कार करणाऱ्यांनी या बाजूकडे पुरेसे पाहिलेले नाही.

वाढीबरोबर बाजाराला त्याचे स्वतःचे रोगही जडले. गर्दी दिसू लागताच रिकाम्या मैदानावर कोणीही मांडव टाकून 'शेतकरी ते ग्राहक' असा फलक लावू लागले. पहाटे गुलटेकडीतून माल उचलायचा, दुपारी ॲप्रन चढवायचा आणि संध्याकाळी शेतकरी म्हणून उभे राहायचे, हा धंदा अनेक ठिकाणी चालतो. एप्रिलमध्ये कोणी घरच्या बागेतले सफरचंद म्हणून विकू लागला की शहाण्या गिऱ्हाइकाने काय ते ओळखावे. शिवाय गट म्हटला की दहा जणांचा माल एकाने आणायचा. मग तो एक जण टेम्पोभाडे, मुलांची मजुरी, जागेचे शुल्क आणि स्वतःची मेहनत वजा करूनच बाकीच्यांना पैसे देणार. या वजावटीस कोणी अडत म्हणत नाही. म्हटले तरी चालेल, कारण काम केले की मोबदला लागतोच. फक्त तो उघड असावा आणि शेतकऱ्याला दुसरे दार मोकळे असावे, एवढीच अपेक्षा ठेवता येते.

जागेचा प्रश्न त्याहून बिकट. तमिळनाडूत नोव्हेंबर १९९९ मध्ये मदुराईत उळवर संदै सुरू झाले. त्याच वर्षी जानेवारीत आंध्रात रयतु बाजार आले होते. तेथे सरकारने कायम जागा दिली, पक्के ओटे बांधले, शेतकऱ्यांना ओळखपत्रे दिली, रोजचे भाव फळ्यावर लिहिले. पंजाबात तर १९८७ पासूनच 'अपनी मंडी' भरते. तमिळनाडूत २००१ मध्ये सत्ता बदलली तेव्हा या बाजारांकडे दुर्लक्ष झाले आणि २००६ नंतर त्यांना पुन्हा ऊर्जा मिळाली. पण ओटे जागेवर होते म्हणून पुन्हा उभे राहता आले. पुण्याचे आठवडे बाजार बव्हंशी तात्पुरत्या परवानगीवर बसतात. मैदान बांधकामाला गेले, पुलाखाली वाहनतळ झाला, शेजारच्या इमारतीने वाहतुकीची तक्रार केली, की बाजार हलतो; आणि हललेल्या बाजाराचे निम्मे गिऱ्हाईक वाटेत सांडते. ज्या शहराने एकेकाळी भाजीसाठी मनोऱ्याची इमारत बांधली त्याला आज चार ओटे बांधता येत नाहीत.

टाळेबंदीने या बाजाराचे मोल सर्वांना दाखविले. एप्रिल २०२० मध्ये गुलटेकडीचे आवार काही आठवडे बंद राहिले. खरेदीदार नाही, हमाल गावी गेलेले, आणि मळ्यात माल तयार. त्या काळात ज्या गटांचे सोसायट्यांशी आधीच लागेबांधे होते त्यांनी भाजीच्या पिशव्या भरून फाटकापर्यंत आणून दिल्या. ज्यांची सारी भिस्त गाळ्यावर होती त्यांच्यापैकी अनेकांनी उभ्या पिकात नांगर घातला. हे पाहिल्यावर बऱ्याच शेतकऱ्यांनी निदान चौथा हिस्सा माल तरी थेट विकायचाच असा निश्चय केला.

चौथा हिस्सा, त्याहून फार अधिक नाही. कारण आठवडे बाजाराची भूक मर्यादित आहे. दहा गुंठ्यांत मेथी, पालक, घेवडा लावणाऱ्याचे त्यात उत्तम भागते. वर उल्लेखिलेले १०० क्रेट टोमॅटो मात्र एका मांडवात एका संध्याकाळी खपणे अशक्य. एका विक्रेत्याकडून सात-आठ क्रेट गेले तरी पुष्कळ झाले. उरलेले क्रेट नेणार कोठे? गुलटेकडीलाच. म्हणून आठवडे बाजार वाढला तरी यार्डातली पहाट ओस पडलेली नाही. मात्र तेथील भाषा बदलली आहे. शेतकरी आता गाडी भरण्याआधी फोन करून भाव विचारतो, आणि न पटल्यास 'आज राहू द्या' म्हणतो. हे तीन शब्द उच्चारण्याची ताकद त्याला त्या मांडवाने दिली.

पेढ्यांच्या नव्या पिढीने यातून निरनिराळ्या वाटा काढल्या. काहींनी डाळिंब-द्राक्षांची प्रतवारी व शीतगृह उभारले, काही निर्यातीकडे वळले, काहींनी गाळा भाड्याने देऊन दुसराच व्यवसाय धरला. गाळ्यांवर शेतकऱ्यांची मुलेही परवाना घेऊन अडत्या म्हणून बसलेली दिसतात, आणि तीही उचल देतात. वर ज्या घराचा उल्लेख आला तेथील नातू बी.कॉम. होऊन गाळ्यावर बसू लागला तेव्हा त्याचे लक्ष एका साध्या गोष्टीकडे गेले. आठवडे बाजारात रात्री नऊ वाजता प्रत्येक मांडवात थोडा माल उरतोच. पन्नास-साठ जुड्या कोथिंबीर, पाच-सहा किलो वांगी, पालकाचे दोन क्रेट. परत नेले तर टेम्पोचे भाडे निघत नाही, टाकून दिले तर जीव हळहळतो. म्हणून शेवटच्या अर्ध्या तासात शेतकरी मिळेल त्या भावाने विकून मोकळा होई. विद्यार्थ्यांच्या खानावळींना मात्र सकाळी सातला हाच माल हवा असतो आणि त्यांना जुडी किती रेखीव आहे याचे सोयरसुतक नसते.

आता तो आठवड्यातून तीन संध्याकाळी तीनचाकी घेऊन येतो. अडत नाही, टक्का नाही. मोजून घ्यायचे आणि जागेवर पैसे द्यायचे. भाव ट्यूबलाइटच्या उजेडात सर्वांसमोर ठरतो. घेवडा घेऊन पेढीवर आलेला तो शेतकरीही त्या मांडवांपैकी एकात असतो. पहिल्या दिवशी उरलेली कोथिंबीर मोजून झाल्यावर त्याने सवयीने हात पुढे केला आणि म्हणाला, "पट्टी?"

नातवाने पट्टीबुक आणलेच नव्हते. "उद्या गाळ्यावरून पाठवतो, काका."

"राहू द्या," शेतकरी म्हणाला. "मोबाईलवर टाका. आणि त्या सतरा हजारांतले दोन आज वळते करून घ्या."